ओळख परेडीआधीच चेहरे जगजाहीर

संपादक महोदय,

‘लुटारू जेरबंद’ या मथळ्याखाली आरोपींचे उघड्या चेहऱ्याचे फोटो ओळख परेडीआधीच, म्हणजे साक्षीदाराने अनेकांच्या रांगेतून आरोपीला ओळखून दाखवण्याआधीच, सर्रास छापले जातात. वाचकाला बरे वाटते, पण खरा फायदा आरोपीच्या वकिलाला होतो. ‘ओळख परेडीआधी तुम्ही हा फोटो पाहिला होता ना?’ एवढा एक प्रश्न उलटतपासणीत विचारला आणि साक्षीदार ‘हो’ म्हणाला, की त्या ओळखीतली हवाच निघते. अंधारात, दोन-चार क्षण दिसलेला चेहरा. तो घटनेतला आठवतोय की मोबाइलवरचा, हे त्यालाही सांगता येत नाही.

शिक्षा काही किरकोळ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 309 नुसार जबरी चोरीला 10 वर्षांपर्यंत सश्रम कारावास; सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यान महामार्गावर लुटल्यास 14 वर्षांपर्यंत. पाच किंवा अधिक जण असतील तर तो दरोडा, आणि त्याला जन्मठेपही होऊ शकते. एवढे पणाला लागलेले असताना चुकीचा माणूस ओळखला गेला तर? (खरा चोर मोकळाच!) पंच फितूर झाले, मुद्देमालाची जप्ती नीट सिद्ध झाली नाही, की मग या ओळखीशिवाय उरते तरी काय?

पोलिसांनी परेड होईपर्यंत आरोपीचा चेहरा झाकावा आणि वृत्तपत्रांनीही, आपल्यासकट, तोवर फोटो छापू नयेत.

— एक वाचक