सहा महिने जिम, खाणं मात्र चहा-खारी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात एकाच पानावर जिमच्या तीन जाहिराती बघितल्या, तिन्हीत दंड दाखवणारी पोरं, पण ती पोरं दिवसभर खातात काय याचा एक शब्द नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझा धाकटा १९ वर्षांचा, वजन ५८ किलो. सहा महिने न चुकता जिमला गेला, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात सुद्धा, आणि दंड काही वाढला नाही. तिथला ट्रेनर म्हणाला बॉडी पाहिजे तर प्रोटीन पावडरचा डबा लागेलच, आणि डबा घ्यायचा त्याच्याकडूनच, ३२०० रुपये, पावती मागितली तर नाही. दिला आणून, पोरगं रुसून बसलं होतं. मग एका रात्री सहज विचारलं, काय खाल्लास बे आज? सकाळी चहा-खारी, दुपारी दोन भाकरी नि दोडक्याची भाजी, संध्याकाळी चौकात भजी, रात्री भात आणि पातळ आमटी. झालं!

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशोबच लिहितो, तर वही काढली. व्यायाम करणाऱ्याला स्नायू वाढवायला वजनाच्या किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ह्याला रोजचं ९३ ग्रॅम. दोन भाकरीतून १२, भातातून ५, त्या आमटीतून ४, भजी-बिजी सगळं धरून बेरीज ३५ च्या वर जाईना. माग दिवसभर खडखडतोय आणि कांडीत सूतच नाही, मग टॉवेल कुठनं निघणार?

आता तालमीतली जुनी माणसं म्हणतील, आमचे पैलवान शेंगा चटणी-भाकरीवरच झाले. नाही झाले. त्यांना खुराक होता, दूध, तूप, बदाम, मटण, ते कोण सांगत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात प्रोटीन २५ ग्रॅम असतं खरं, पण तेल जवळपास ५० ग्रॅम, आणि चटणी ताटात पडते दोन चमचे. आणि ती कच्ची अंडी फोडून पिणारी पोरं! कच्च्यातलं प्रोटीन जेमतेम अर्धं अंगी लागतं, शिजवलेल्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास. गॅस पेटवायचा कंटाळा, दुसरं काय.

आम्ही काय केलं तर डबा संपल्यावर परत आणला नाही. सकाळी चार उकडलेली अंडी, २५ ग्रॅम. सोमवार-गुरुवारी घरात अंडी चालत नाहीत, त्या दिवशी सोयाबीनच्या वड्या, कोरड्या ५० ग्रॅम घेतल्या तरी तेवढंच मिळतं. अर्धा लिटर दुधाचे १६, दोन मुठी फुटाण्यांचे १०, आणि आमटी घट्ट, ह्यावरनं घरात थोडी वादावादी झाली ते सोडा. भाकरी मात्र कमी केली नाही. मंगळवेढ्याची ज्वारी झाली तरी त्यात लायसीन, म्हणजे प्रोटीनमधला एक गरजेचा घटक, कमीच, ते डाळीत नि मटकीत भरपूर असतं, म्हणून भाकरीसोबत उसळ नाहीतर वरण पाहिजेच. आपली बाजार आमटी तर चार-पाच डाळींची, पण तेलाची तर्री बघूनच पोट भरतं. जिममध्ये भात-भाकरी बंद करायला सांगतात, मग अंगाला जळण कमी पडलं की खाल्लेलं प्रोटीनच जळतं, ते दंडाला कुठनं मिळणार.

डबा वाईट असं मी म्हणत नाही. व्हे म्हणजे शेवटी दुधातलंच प्रोटीन, ज्याला जेवणातून जमत नाही त्यानं घ्यावं, पण पक्की पावती, सील आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, नंबर बघून. किडनीचा त्रास असेल त्यानं आधी डॉक्टरला विचारावं, हे प्रोटीन वाढवणाऱ्या सगळ्यांनाच.

पाच महिन्यांत पोरगं ६२ वर आलंय. शर्ट दंडावर घट्ट होतोय, पोटावर पण थोडा होतोय, खोटं कशाला बोलू.

आपल्याला विनंती एवढीच की आरोग्य पुरवणीत एकदा साधा तक्ता छापा, अंडी, फुटाणे, मटकी, हुलगे, दूध, सोयाबीन, १० रुपयांत कशातून किती ग्रॅम प्रोटीन मिळतं असा, सोलापूरच्या बाजारातले भाव धरून. जिमच्या जाहिरातींना माझी ना नाही, फक्त तक्ता त्याच पानावर येऊ द्या.

आपला एक वाचक,
जोडभावी पेठ, सोलापूर