संपत्ती कर गेला, विडी कामगारांचा उपकरही गेला

मा. संपादक,
स. न.

कर रद्द झाला की सगळ्यांचेच भले झाले, असे अर्थसंकल्पाच्या चर्चेत धरून चालतात. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला हे पटणे अवघड आहे. इथे दोन रद्द झालेल्या करांची आठवण करून द्यावीशी वाटते.

पहिला संपत्ती कर. त्यातून वर्षाला जेमतेम हजार कोटी मिळतात, असे कारण देऊन २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी तो काढून टाकला. आकडा खरा होता. पण इतका कमी का? १९९३ पासून कंपन्यांचे शेअर त्यात धरतच नव्हते. दागिने, मोटारी, जादा घर मोजायचे आणि अब्जाधीशांची खरी श्रीमंती ज्यात असते ते सोडून द्यायचे! बदल्यात एक कोटीवरच्या उत्पन्नावर अधिभार वाढवला, हे मान्य. पण शेअर न विकता नुसते फुगत राहिले तर उत्पन्न दिसणार कुठे? वारशावरची इस्टेट ड्युटी तर १९८५ मध्येच गेली.

दुसरा विडी उपकर. १९७६ च्या कायद्याने तो विड्यांवर बसवला होता आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलाला मदत असा खर्च व्हायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर संपला. त्याबरोबर हक्काचा निधीही गेला; आता दिल्लीने दरवर्षी जी तरतूद करावी तिच्यावर भिस्त. घरी बसून हजारी (दर हजार विड्यांमागे) मजुरीवर विड्या वळणाऱ्या, छाट (नापास ठरलेल्या विड्या) निघाली की तेवढे पैसे गमावणाऱ्या बाईला याचा पत्ताही नसेल.

त्याच २०१७ मध्ये आणखी एक बदल झाला. कंपन्यांनी राजकीय पक्षांना किती देणगी द्यावी, याला सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, ती उठवली. पुढे देणगीदाराचे नाव लोकांना न कळू देता पक्षांना पैसे देण्याचे निवडणूक रोखे आले. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी रोखे आणि अमर्याद देणगी दोन्ही घटनाबाह्य ठरवले, पण मधली वर्षे निघून गेली. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशातली ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती. संपत्ती मोजक्या हाती साचू नये, हे राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात लिहिलेले आहे. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने कोर्टात मागता येत नाही, एवढीच अडचण!

सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यासाठी असंघटित कामगारांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. वर सांगितलेल्या सवलतींसाठी कोणी उन्हात बसल्याचे ऐकिवात नाही.

वारसा कराचा विषय २०२४ च्या प्रचारात निघाला तेव्हा गरिबाच्या मंगळसूत्रापर्यंत बात गेली. दहा कोटींच्या आतल्या वारशाला हात लावायचा नाही असे कायद्यातच लिहिले, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बहुतेक टॉवेल कारखानदारांनाही घाबरायचे कारण नाही, मग मंगळसूत्राचे काय घेऊन बसलात? सोलापूरच्या खासदारांनी आणि आमदारांनी, पक्ष कोणताही असो, दोन गोष्टींवर आपले मत जाहीर सांगावे: असा वारसा कर हवा की नको, आणि विडी कामगारांसाठी कायद्याने राखीव निधी पुन्हा सुरू करणार की नाही.

— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर