चौदाव्या मजल्याआधी कळसूबाई

प्रिय शुभा,

किती महिने झाले तुला लिहून! रागावली असशील तर रागाव, पण आज लिहिल्याशिवाय राहवेना. परवा कळसूबाईच्या शिडीवर मधोमध उभी असताना माझ्या तोंडून तुझं नाव निघालं, चांगलं मोठ्यानं. मागून चढणारी मुलगी विचारत होती, "काकू, शुभा कोण?" तिला काय सांगणार, आणि त्या जागी तर काहीच सांगता येत नव्हतं.

आम्ही सगळे बरे. आईचा गुडघा तसाच, अविनाशची शुगर आटोक्यात.

आमची बिल्डिंग पाडणार हे तुला दादानं सांगितलंच असेल. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची आहेत. मग कोण कुठे भाड्यानं जाईल, देव जाणे. म्हणून पांगायच्या आधी सगळ्यांनी मिळून शनिवार-रविवार भंडारदऱ्याला जायचं निघालं. एक दिवस कळसूबाई, दुसऱ्या दिवशी रतनगड, रात्री मुक्काम धरणाजवळ. मी लगेच हो म्हटलं. अविनाशलाही आश्चर्य वाटलं नाही, कारण त्याला माझ्या उंचीच्या भीतीचं काही माहीतच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही कायम पहिल्या मजल्यावर राहिलो आणि फिरायला गेलो ते समुद्राला किंवा देवाला. ते एक तुलाच माहीत.

आता खरं कारण. नव्या इमारतीत आम्हाला चौदावा मजला देऊ करतायत. पूर्वेकडची बाल्कनी, भरपूर उजेड, अविनाश खुशीत. बिल्डरनं दाखवायला एक घर सजवून ठेवलंय, तिथल्या बाल्कनीचा कठडा नुसत्या काचेचा आहे. ते सजवलेलं घर अवघ्या दुसऱ्या मजल्यावर आहे, तरी त्या काचेपाशी माझ्या पोटात गोळा आला. मग चौदाव्यावर काय होईल? तिथं मला रोज उठून कपडे वाळत घालायचेत, शुभा. गडावर माणूस एकदा जातं आणि उतरून येतं. घरातून उतरून कुठं जाणार? मजल्याच्या पसंतीचा अर्ज दसऱ्यापर्यंत द्यायचा आहे. चौथ्या मजल्यावरची एक जागा अजून कुणी घेतलेली नाही, पण ती मागायची तर घरात कारण सांगावं लागेल. त्याआधी मला स्वतःलाच बघायचं होतं, मला नक्की कशाची भीती वाटते.

पायथ्याच्या बारी गावातून उजाडताना निघालो. खाचरांत भात निसवत होता, वर उतारांवर सोनकी पिवळीधमक. घटस्थापना जवळ आलेली, त्यामुळे वाटेवरचे ताक-लिंबूसरबतवाले झापं शाकारत होते. नवरात्रात तिथं गर्दी मावत नाही म्हणे. पहिल्या शिडीपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होते. चढाचं मला काही नसतं, तुला ठाऊक आहे. दम लागतो, घाम निथळतो, पण भीती नाही.

शिडी आली आणि पाय थांबले. कठडा आहे दोन्हीकडे, शेकडो माणसं रोज जातात, शेंबडी पोरं धावत चढतात. पण पायऱ्यांच्या मधून खाली दिसतं गं! हरिहर गडाच्या पायऱ्या याहून उभ्या होत्या, तरी तिथं छातीशी कातळ होता, बोटं अडकवायला खोबण्या होत्या आणि खाली तू होतीस. माझा एकेक पाय धरून तू पायरीवर ठेवलास, वरच्या दरवाजापर्यंत. (आणि हॉस्टेलवर जाऊन सगळ्यांना सांगितलंस! त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो. तू म्हणशील कौतुकानं सांगितलं. असेलही. पण ती गोष्ट माझी होती, ती सांगायची की नाही हे मी ठरवायचं होतं. आजही माझं मत तेच.)

तर शिडी. मी समोरच्या एका पायरीकडे बघत राहिले. बुटांचा चिखल पत्र्यावरच्या नक्षीत भरून वाळला होता, कडेला गंजाची तांबूस रेघ, आणि जोडाच्या बोल्टवर पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तेवढंच बघितलं. उजवा हात सरकवला, मग पाय, मग डावा हात. पुन्हा पुढची पायरी. डोळे जवळच्या वस्तूवर टेकले की अंगाचा तोल राहतो आणि जवळ काहीच नसलं की माणूस डोलायला लागतं, असं सुमीच्या डॉक्टर मुलीनं मागे सांगितलं होतं. ते अगदी खरं आहे. बघायला हातभर अंतरावर काही असलं की मी ठीक होते. खाली, मागे, दूर पाहिलं की लटपटले.

वर पोचलो तेव्हा ढगच ढग. १६४६ मीटरवर, अख्ख्या महाराष्ट्राच्या डोक्यावर उभं राहून चार हातांपलीकडचं दिसेना. सगळे हळहळले, मला मात्र फार बरं वाटलं. देवीच्या त्या एवढ्याशा देवळात पटवर्धनकाकांनी नवस बोलला, "बिल्डरनं मुदतीत ताबा दिला तर तुला साडीचोळी." मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसांनीसुद्धा हात जोडले.

उतरणं जास्त वाईट. शिडीकडे तोंड करून उतरले, बाकी काही सांगत नाही.

रविवारी रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ तू बघायलाच हवंस, काळ्या दगडावरचं कोरीव काम बघत मी एकटीच मागे राहिले. मग दाट रानातली वाट आणि शेवटी पुन्हा शिड्या. त्या आदल्या दिवशीपेक्षा सोप्या गेल्या असं म्हणणार नाही. तितक्याच अवघड गेल्या, फक्त काय करायचं ते ठाऊक होतं.

पण खरी गोष्ट नेढ्यात घडली. डोंगराच्या माथ्याला आरपार भोक, आत पाचपन्नास माणसं बसतील एवढं, आणि वारा असा की ओढणी धरवेना. एका अंगाला अलंग-मदन-कुलंग हे गड, दुसरीकडे लांब भंडारदऱ्याचं पाणी. दोन्हीकडे कडा. आणि मी तिथं बसले, शुभा! पाठ दगडाला लावून, पाय पोटाशी घेऊन, चांगली बसले आणि बघितलंही. पाठीशी दगड होता म्हणून. अविनाश पार टोकाला उभा राहून फोटो काढत होता, त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. हरिहरचंसुद्धा. आधी तो हसला, मग माझा हात हातात घेतल्यावर त्याला कळलं की तो किती गार पडलाय. म्हणाला, "मग चौथा मागू." इतकं सहज!

आणि आता माझंच मन हलतंय. चौथ्या मजल्यावर समोरच्या इमारतीची भिंत येते, आईला दिवसभर दिवा लावून बसावं लागेल. चौदाव्यावर सकाळचं ऊन तिच्या खाटेपर्यंत येईल. काचेऐवजी कमरेएवढी विटांची भिंत बांधून देतील का, कपड्यांची दोरी आतल्या बाजूला घेता येईल का, हे मी आता विचारणार आहे. पण वर्षानुवर्षं तिथं राहायचं म्हणजे काय, ते मला गडावर कळलेलं नाही.

ऋचाची अ‍ॅडमिशन झाली हे ऐकून फार आनंद झाला, तिला माझा आशीर्वाद सांग. शाळेतली ती कटकट मिटली का? त्याबद्दल फोनवर बोलू.

आता एक काम कर. तुझ्या सासूबाई वाडा सोडून नवव्या मजल्यावर आल्या तेव्हा वर्षभर बाल्कनीत पाऊल टाकत नव्हत्या असं तू सांगायचीस, आणि आता तिथंच तुळशीला पाणी घालतात. त्यांना नीट बसवून विचार, पहिल्यांदा बाहेर कशा गेल्या, काय धरलं, कुठं बघितलं. आणि दसऱ्याच्या आत कळव.

तुझी,
मंजू