अळीच्या पाठीवरची ती अंडी नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत बागकामाच्या सदरात कढीपत्त्यावरच्या अळीबद्दल सल्ला होता: अळीवर पांढरी अंडी दिसली की ती फुटायच्या आत औषध फवारा. ते कात्रण आमच्या सोसायटीच्या फलकावर लागलं आणि दुसऱ्याच दिवशी आवारातल्या दोन्ही झाडांवर फवारा मारला गेला. मी भाजी घेऊन परतले तेव्हा पानं ठिबकत होती.

ती अंडी नसतात. ते कोष असतात आणि ज्या माशीचे असतात ती झाडाच्या बाजूची आहे.

मी 34 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. नमुना तपासल्याशिवाय निदान लिहायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. जुलैत याच झाडावर लिंबाळी फुलपाखराची एक अळी अशी दाण्यांनी भरलेली दिसली. डहाळीसकट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली, तोंडाला मलमल बांधली. अळी जिवंत होती, पण पान शिवत नव्हती. एरवी जरा डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडणारी ही अळी नुसती मान हलवत होती. भिंगातून पाहिलं तर एकेक दाणा रेशमाच्या धाग्याने विणलेला. अंड्याला विणकाम नसतं.

गांधीलमाशीच्या गोतातली एक बारीक माशी अळीच्या अंगात अंडी घालते. तिची पिल्लं आतल्या आत वाढतात, कातडी भेदून बाहेर येतात आणि तिथेच कोष विणतात. भिंगुरटी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि तिचा ध्यास घेऊन अळीचीच भिंगुरटी होते, हा कीटक-भृंग न्याय आपण कीर्तनात ऐकत आलो. कोंडलेल्या अळीच्या जागी माशी निघते हे ज्याने प्रथम पाहिलं, त्याचं निरीक्षण अचूक होतं. फक्त अळी ध्यास घेत नसते, ती पिल्लाचं अन्न असते.

सहाव्या दिवशी बरणीत तांदळाच्या कणीएवढ्या काळ्या माश्या फिरू लागल्या. जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली मिशीचे मणी, म्हणजे तिचे खंड, तीनदा मोजले, तिन्ही वेळा 18 भरले; ही मायक्रोगॅस्ट्रिनी या उपकुळाची खूण. अशा माश्यांच्या दोन मोठ्या कुळांपैकी इकन्युमोनिड कुळात पुढच्या पंखाच्या मागच्या अर्ध्या भागात सहसा दोन आडव्या शिरा असतात, ब्रॅकोनिड कुळात एकच. इथे एकच होती. म्हणून मी कुपीवर ब्रॅकोनिड, मायक्रोगॅस्ट्रिनी उपकूळ एवढंच लिहिलं. जात सांगायला तज्ज्ञ आणि बहुधा डीएनए तपासणीच लागेल.

त्यात तीन माश्या मात्र भलत्याच निघाल्या: अंगाला हिरवट धातूची चमक, पंखांत शिरा जवळजवळ नाहीतच. या बहुधा अळीवर नव्हे, त्या पहिल्या माशीच्या पिल्लांवर वाढलेल्या. चोरावर मोर! सगळे कोष एकाच बरणीत ठेवल्यामुळे कोणत्या कोषातून कोण आलं हे आता सांगता येत नाही, याची मला फार हळहळ वाटते. एक कोष, एक कुपी, असंच करायला हवं होतं.

उसाचे, कपाशीचे शेतकरी ट्रायकोकार्ड, म्हणजे अशा माश्यांची पिल्लं आत वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद, पैसे मोजून आणतात. त्यावरची ट्रायकोग्रामाही याच गोतातली, ती किडीच्या अंड्यांतच वाढते. मुलुंडच्या आवारात असली माशी आपणहून येते, माणसाला डंख मारत नाही आणि आपण तिच्यावर विष फवारतो. शिवाय 2015 साली ज्याला राज्य फुलपाखरू केलं, त्या ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. फवाऱ्याला त्यांच्यात फरक करता येत नाही.

तेव्हा येत्या शनिवारी त्याच सदरात, त्याच जागी दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती. आणि कुणाला अशी अळी मिळाली तर बरणीत ठेवून वाट पाहावी. निघालेल्या माश्या अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, फॉर्मालिनमध्ये नको, त्याने डीएनए खराब होतो. सोबत अळीचा फोटो, रिकामे कोष आणि झाड, ठिकाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आतच टाकावी. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ,
मुलुंड (पूर्व), मुंबई