डिलीट टाइप करायला लावणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

मी फोंड्यातल्या औषधांच्या गोदामात नऊ वर्षं काम करते. तुमच्या भावाच्या फार्मसीचा माल परत द्यायला तुम्ही त्याच्याबरोबर आलात त्या सकाळी माझ्यामुळे पाऊण तास खोळंबलात. मी रोजची यादी काढत होते. पुढच्या 90 दिवसांत कुठल्या औषधांची मुदत संपते, त्याची. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारायचा प्रश्न, चालवायची, आलेलं सगळं उचलून एक्सेलमध्ये डकवायचं, प्रत्येक सेल्समनचा भाग वेगळा करायचा आणि अकरा मेल पाठवायच्या. दुसऱ्या कुणी घड्याळ दाखवलं असतं. तुम्ही विचारलंत, "ताई, हे रोज हातानं करता?"

रोज. रविवारीसुद्धा. गेल्या गणेशचवथीलाही. गणपतीवरच्या माटोळीला, म्हणजे लाकडी चौकटीला, नारळ आणि सुपारीचे घोस बांधलेले, आत भटजी पूजा सांगताहेत आणि मी बाहेर सोप्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. नुसतं बघून आत गेल्या.

मेल आपोआप जायची सोय आमच्याकडे पूर्वी झाली होती. एका एजन्सीनं चांगले पैसे घेऊन ती करून दिली होती. मग 2022 च्या जूनमध्ये मेल थांबल्या आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. यादी आली नाही म्हणजे मुदत संपणारं काही नाही, असं सगळ्यांनी धरलं. उमगलं तोवर खोक्यांमागून खोकी परत करण्याच्या मुदतीबाहेर गेली होती. पात्रांव, म्हणजे आमचे मालक, मला ओरडले नाहीत, पण आठवडाभर माझ्याशी धड बोललेही नाहीत. एजन्सीचं उत्तर एकच, "सर्व्हरचा प्रॉब्लेम." खरं कारण मला तुमच्याकडून कळलं. नुसत्या युजरनेम-पासवर्डवर जीमेलमध्ये शिरणाऱ्या जुन्या प्रोग्रामना गुगलनं 30 मे 2022 पासून दार बंद केलं होतं. ॲप पासवर्ड, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गुगल देतं तो वेगळा पासवर्ड, काढून बदलला असता तर काम दहा मिनिटांचं होतं. तेवढं सांगायलाही त्यांना सवड नव्हती. उलट मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुम्ही हात लावू नका, सगळा डेटा उडेल."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. त्यानंतर ती क्वेरी मी जपून ठेवलेल्या फाइलमधून जशीच्या तशी उचलायची. तारखेपलीकडे एक अक्षर बदलायची माझी छाती झाली नाही.

तुम्ही पुढच्या शनिवारी आलात आणि मेल पुन्हा आपोआप जायची सोय केलीत. काय काय केलंत ते इथे सगळं लिहीत नाही. पहिल्या दिवशी साडेसहाची मेल दुपारी बारा वाजता आली, कारण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्याहून साडेपाच तास मागं होतं. ते मी सांगायच्या आधी सात वाजता तुमचाच फोन आला होता, "ताई, मेल पोचली का?" 4E07 सारखा बॅच नंबर एक्सेल आकडा समजून बदलून टाकतो, हे तुम्ही आमची एक जुनी यादी चाळताना पकडलंत. आणि यादी रिकामी असली तरी मेल जाते, "आज काही नाही" एवढं लिहून. म्हणजे मेल आली नाही तर समजायचं की काहीतरी बिघडलंय. 2022 मध्ये आम्हाला एवढंच हवं होतं, दादा.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

सगळं झाल्यावर तुम्ही बॅकअप घेतलात, डेटाबेसमध्ये "वाचक" नावाचा नवा युजर केलात, त्याला फक्त सिलेक्टची, म्हणजे नोंदी वाचायची, परवानगी दिलीत आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात. म्हणालात, "ताई, आता डिलीट टाइप करा." मी हात मागं घेतला. तुम्ही घाई केली नाहीत. पंखा फिरत होता, बाहेर टेम्पोतून खोकी उतरत होती आणि तुम्ही गप्प बसून राहिलात. शेवटी मी एका बोटानं एकेक अक्षर टाइप केलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर आलं, एरर 1142, डिलीट नाकारलं. तुम्ही म्हणालात, "बघा, हा युजर फक्त वाचतो. आता तुम्ही काहीही विचारा त्याला, काही उडणार नाही."

मला रडू आलं, ते तुम्हाला दिसलं असेल. तुम्ही टेम्पोकडे बघत बसलात, त्याबद्दलही आभार.

आमच्याकडे येणारे जाणकार काम करतात, बिल देतात, जातात. कुणी फुकट राबावं असं माझं म्हणणं नाही. पण समोरचा माणूस घाबरलाय हे ओळखून त्याच्यासाठी अर्धा तास थांबणारं कुणी मला या नोकरीत भेटलं नव्हतं. पात्रांवांनी पाकीट पुढे केलं तर तुम्ही भाजी-पाव खाऊन निघालात.

गेल्या आठवड्यात सावर्ड्याकडच्या सेल्समनला फार्मसीवार यादी हवी होती. मी वाचक उघडला आणि क्वेरी स्वतः लिहिली. तीनदा चुकली, चौथ्यांदा बरोबर आली. आता तीही मेल पावणेसातला जाते.

यंदा चवथीला घरी या. नेवऱ्या (करंज्या) मी करणार आहे, सकाळ मोकळी आहे.

तुमची,
गोदामातली ताई