बिलावर आय५-१२४००, मशीनमध्ये १२४००एफ : प्रोसेसर बदलून मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मागवलेल्या प्रोसेसरऐवजी दुसराच बसवून संगणक पाठवल्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

तुमच्या संकेतस्थळावर एकेक भाग निवडून मी जो गेमिंग पीसी बांधून घेतला, त्याच्या बिलावर प्रोसेसर म्हणून इंटेल कोअर आय५-१२४०० लिहिलेला आहे. प्रत्यक्षात मशीनमध्ये बसवलाय आय५-१२४००एफ. शेवटी ‘एफ’ असलेल्या या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स, म्हणजे मदरबोर्डच्या पोर्टवर चित्र पाठवणारा प्रोसेसरमधलाच भाग, चालत नाही. मला तेच हवं होतं. त्यासाठी मी बिगर-एफ प्रोसेसर निवडला, जास्तीचे पैसे भरले, आणि मदरबोर्डच्या एचडीएमआयवर दुसरा मॉनिटर लावणार असल्याचं ऑर्डरच्या सूचनेतही लिहिलं. मला न विचारता, न कळवता तुम्ही प्रोसेसर बदललात.

तुमच्या माणसांनी फोनवर सांगितलं की दोन्ही प्रोसेसर सारखेच. सहा कोर, बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्‌झपर्यंतचा टर्बो वेग, इथपर्यंत सारखे आहेत, आणि गेमही दोन्हींवर तसाच चालतो. पण १२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स मिळतं, एफमध्ये नाही. जानेवारी २०२२ मध्ये इंटेलनं हे दोन्ही प्रोसेसर आणले तेव्हा १२४०० ची जाहीर किंमत १९२ डॉलर होती आणि एफची १६७. फरक काहीच नसता तर किंमत वेगळी कशाला ठेवली असती?

माझ्या घरी हा दुसरा मॉनिटर कशासाठी आहे तेही सांगतो, कारण ‘आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असताना आतल्या ग्राफिक्सची गरज काय’ हा प्रश्न मला तुमच्याकडून सतत ऐकावा लागला. पेडणे तालुक्यात आमच्या घराच्या मागच्या खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून रात्री उशिराच्या विमानानं उतरणारे पाहुणे वाढले आहेत. त्यांची वाट बघत मला जागं राहावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मी गेम खेळतो. समोरच्या १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर गेम, बाजूच्या ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर फाटकाचा आणि आवाराचा कॅमेरा, आणि ब्राउझरमध्ये बुकिंगचे संदेश. दोन्ही मॉनिटर ग्राफिक्स कार्डालाच जोडले की कॅमेऱ्याचं चित्र अडकायला लागतं. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर कार्ड ९८-९९ टक्क्यांवर असतं. गेम कार्डाची सगळी ताकद खातो आणि बाजूच्या खिडकीला वेळेवर काही मिळत नाही. चित्रात फाटक बंद दिसतं, आणि बाहेर गाडी हॉर्न वाजवत उभी असते. लहान मुलं घेऊन आलेल्या पाहुण्यांना भर पावसात फाटकाबाहेर ताटकळत ठेवणं मला परवडत नाही, आणि ते योग्यही नाही.

यावरचा उपाय साधा आहे. दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआयला जोडायचा, बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, आतलं ग्राफिक्स कार्डाबरोबरच चालू ठेवायचं, आणि विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथं जाऊन ब्राउझर आणि कॅमेऱ्याचं अ‍ॅप ‘पॉवर सेव्हिंग’वर ठेवायचं. मग व्हिडिओ उलगडण्याचं काम यूएचडी ७३० करतं आणि गेमसाठी कार्ड मोकळं राहतं. यानं गेमचे फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतात असं मी म्हणत नाही. आतलं ग्राफिक्स थोडी रॅमही वापरतं, म्हणून तर मी १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत घेतली. हा सगळा विचार पैसे भरण्याआधी केला होता.

मशीन आलं, दुसरा मॉनिटर मागे जोडला, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. तिथून तुमच्या ग्राहक सेवेनं मला जे करायला लावलं त्याबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. केबल बदला, मॉनिटर बदला, इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. ड्रायव्हरचा इन्स्टॉलर सुरूच होईना, कारण ज्या ग्राफिक्ससाठी तो आहे तेच मशीनमध्ये नव्हतं. मग बायॉसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर हा, आतलं ग्राफिक्स कार्डाबरोबर चालू ठेवणारा पर्याय शोधा म्हणाले. तो दिसत नाही म्हटल्यावर सांगितलं, बायॉस अपडेट करा. आमच्याकडे पावसाळ्यात झाडाची फांदी तारांवर पडली की वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बायॉस अपडेट मध्येच तुटलं तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. हे मी फोनवर बोललोही होतो. पलीकडून उत्तर आलं, ‘सर, दोन मिनिटांचं काम आहे.’ वीज टिकली म्हणून मशीन वाचलं. प्रोसेसर कुठला पाठवलाय हे तुमच्याच नोंदीत बघितलं असतं तर यातलं काहीही करावं लागलं नसतं.

शेवटी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूवर क्लिक केलं. उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं. तिथं १२४०० च्या पुढे एफ होता. डाव्या बाजूच्या यादीत जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसायला हवेत, तिथं एकच होता. खोक्यात मदरबोर्डचा आणि कार्डाचा रिकामा डबा तुम्ही पाठवलात, प्रोसेसरचा तेवढा नाही. तो का नाही, याचं उत्तर मला मागूनही मिळालेलं नाही.

हे कळवल्यावर तुम्ही दोन पर्याय सुचवलेत. पहिला, गेमचे फ्रेम मर्यादित करा. तसं केलं की कार्डावरचा भार कमी होतो आणि कॅमेरा सुरळीत चालतो, हे मी करून बघितलंय. पण मग १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला कशाला? दुसरा, अख्खा पीसी मुंबईला पाठवा, खर्च ग्राहकाचा. काचेची बाजू असलेलं, आत जड ग्राफिक्स कार्ड लटकलेलं खोकं मी घाटातून परत पाठवणार नाही, आणि तुमच्या अदलाबदलीचं भाडं मी का द्यायचं?

आणखी एक गोष्ट मला खटकते. कार्ड उद्या बिघडलं आणि दुरुस्तीला पाठवावं लागलं, तर १२४०० असलेलं मशीन मदरबोर्डच्या पोर्टवर चालू राहिलं असतं, निदान बुकिंग तरी बघता आलं असतं. आता कार्ड गेलं की पडदाच काळा. बिलावर एक प्रोसेसर आणि मशीनमध्ये दुसरा, अशा स्थितीत वॉरंटीचा दावा कशाच्या आधारावर करायचा, हेही तुम्ही सांगितलेलं नाही.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. बिलाप्रमाणे नवा, सीलबंद आय५-१२४०० तुमच्या खर्चानं माझ्या पत्त्यावर पाठवावा आणि तो बसवायला म्हापशातला किंवा पणजीतला तंत्रज्ञ द्यावा. कूलर काढल्यावर लागणारी थर्मल पेस्ट त्यानंच आणावी आणि जुना प्रोसेसर त्याच भेटीत घेऊन जावा. नव्या प्रोसेसरचा अनुक्रमांक बिलावर नोंदवून द्यावा. प्रोसेसर का आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलला, हे लेखी कळवावं. फरकाची रक्कम परत देण्याचा प्रस्ताव मला मान्य नाही, कारण त्या रकमेनं माझा दुसरा मॉनिटर चालू होणार नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तसं झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मला राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो, त्यासाठी तुमच्या शहरात यावं लागत नाही.

चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की आमच्याकडे पाहुण्यांची वर्दळ सुरू होते आणि मग मशीन उघडून ठेवायला मला सवड नसेल. म्हणून तंत्रज्ञाची तारीख त्याआधीची द्यावी. बिल, ऑर्डरमधली माझी सूचना, टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट आणि तुमच्या ग्राहक सेवेशी झालेले संदेश सोबत जोडले आहेत. तंत्रज्ञानं येण्याच्या आदल्या दिवशी फोन करावा, सकाळी अकरानंतर मी घरीच असतो.

आपला,
एक ग्राहक
पेडणे, गोवा