उठावाबरोबर यादवीही दाखवा

महोदय,

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावरील राजकीय माहितीपट गावोगावच्या सभागृहांत एकत्र बसून पाहण्याची प्रथा मला मोलाची वाटते. या लढ्यातील सेनानी मायकेल कॉलिन्स यांच्यावर 1973 मध्ये तयार झालेला माहितीपट ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सुमारे वीस वर्षे दाखवला गेला नाही. पुढे 1988 ते 1994 या काळात शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करण्यास तेथे मनाई असल्याने वाहिन्या त्यांची वाक्ये चक्क नटांकडून वदवून घेत. अशा वेळी लोकांनी स्वतःच पडदा लावून माहितीपट दाखवणे स्वाभाविक होते.

माझा आक्षेप निवडीला आहे. जुन्या वृत्तपटांच्या तुकड्यांतून जॉर्ज मॉरिसन यांनी घडवलेला ‘मिशे एरे’ (1959) शॉन ओ रिआदा यांच्या संगीतामुळे आजही भारावून टाकतो. मात्र लढ्यातील कालचे सहकारी 1922 च्या यादवीत एकमेकांवर बंदुका रोखतात, तिथवरची हकीकत मॉरिसन यांच्याच 1961 च्या पुढील चित्रपटात आहे. पहिला दाखवून दुसरा वगळला, तर प्रेक्षकाला केवळ अभिमान मिळतो.

सनदशीर मार्गाने होमरूल, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यांतर्गत स्वराज्य, मागणारे आयरिश नेते जॉन रेडमंड यांनाही या कार्यक्रमांत जागा हवी. लोकमान्य टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापली आणि त्याच महिन्यात डब्लिनमधील ब्रिटिशविरोधी सशस्त्र उठावाने आयर्लंडमधील होमरूलचे राजकारण मागे पडू लागले, हा योगायोग मराठी वाचकाला तरी विसरता येऊ नये. आयोजकांनी उत्तर आयर्लंडमधील युनियनवादी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या, वक्त्यांनाही चर्चेस बोलवावे आणि त्यांना प्रश्नोत्तरांपुरता नव्हे, पुरेसा वेळ द्यावा.

– एक मराठी वाचक, डब्लिन